एक दिवसाआड आंघोळ घालूनही कुत्र्याचा वास जात नाही

अमळनेरची सून:
आमचा भुऱ्या साडेचार वर्षांचा. आई लॅब्राडोर, बाप गल्लीतला. रंग बापाचा आणि लोंबते कान आईचे. महिनाभरापासून त्याला असा वास येतोय की विचारू नका. एरवी आंबलेल्या पिठासारखा, आणि मधूनच, तो उठून गेला की चादरीवर चक्क सुक्या बोंबलासारखा. एक दिवसाआड आंघोळ घालते, आमच्याच साबणाने, वर कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी. दोन तास बरे जातात, संध्याकाळी पुन्हा तेच. आखाजीला नणंदा माहेरी आल्या होत्या. मोठ्या वन्संनी रस-पोळी ओट्यावर बसून खाल्ली, घरात आल्याच नाहीत. सासूबाई रोज सकाळी विचारतात, “घरमा उंदीर मरेल शे का वं?” गोचीड नाही, खाणंपिणं व्यवस्थित. कोणी सांगेल का काय करू?

केळीवाला, यावल:
ताई, आधी आंघोळी थांबवा. आपल्या कातडीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा सातच्या जवळपास. आपला साबण त्याला कोरडा पाडतो, मग खाज, मग जखम, मग आणखी वास. आणि वास अख्ख्या कुत्र्याला येत नसतो, कुठून तरी येत असतो. तो झोपला की नाक लावून एकेक जागा हुंगा. तोंड, दोन्ही कान, पायाच्या बोटांमधली फट, शेवटी शेपटीखाली. लाज वाटेल, पण करा. माझ्या कुत्रीची दाढ किडली होती आणि मी तीन महिने तिची पाठ घासत होतो.

देवपूरकर:
आंघोळीच्या पाण्यात दोन झाकणं फिनाईल टाका. आमच्याकडे तेच करतात, वास गायब.

केळीवाला, यावल:
देवपूरकर, कृपा करून असं सांगू नका. कुत्रा अंग चाटतो, ते सगळं पोटात जातं. फिनाईल फरशीला. रॉकेलचंही तेच.

अमळनेरची सून:
आठ दिवसांनी लिहितेय. केळीवाले भाऊ, तुमचं ऐकून दुपारी दार लावून घेतलं आणि हुंगायला बसले. तोंड ठीक. पंजे ठीक, थोडे धुळीचे. उजवा कान उलटा केला आणि तिथेच सापडलं! आतली कातडी लाल, घड्यांमध्ये चॉकलेटी मेणचट थर, आणि तोच आंबलेल्या पिठाचा भपका. डावा त्याच्या निम्मा. मग लक्षात आलं, पारा चव्वेचाळीसच्या वर गेल्यापासून हा कूलरच्या पुढ्यात झोपतो, उजव्या कुशीवर, आणि आमच्या कूलरची टाकी नेमकी तिथेच ठिबकते. कान दिवसभर ओल्या फरशीवर. वर मी एक दिवसाआड डोक्यावरून पाणी ओतत होते.

गुरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी आधी दिवा घालून कानाचा पडदा शाबूत आहे ना ते पाहिलं, फाटलेला असेल तर काही औषधं आत घालता येत नाहीत म्हणे. मग काडीने मळ घेऊन काचेवर पाहिला. यीस्ट, म्हणजे बुरशीच. ती कातडीवर असतेच, ओल मिळाली की माजते. दोन आठवडे थेंब दिलेत. घरी कान कोरायची काडी वापरायची नाही, मळ आणखी आत जातो.

बोंबलाच्या वासाचं कारण वेगळंच निघालं. गुदद्वाराच्या दोन बाजूंना कुत्र्याला छोट्या पिशव्या असतात, त्यात वासाचा द्रव. शी घट्ट झाली की दाबाने त्या आपोआप रिकाम्या होतात, पातळ झाली की भरून राहतात. डॉक्टरांनी विचारलं, पार्श्वभाग जमिनीवर घासत चालतो का? चालतो की! आम्ही त्यावर हसायचो. हातमोजा घालून त्यांनी दोन मिनिटांत पिशव्या रिकाम्या केल्या. तो वास मी आयुष्यात विसरणार नाही. शी पातळ का, तर सासूबाई रोज रात्री त्याच्या पोळीवर शेवभाजीचा रस्सा ओततात. नुसता तिखट-तेलाचा प्रश्न नाही, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना बाधतो. ते सासूबाईंना मी नाही सांगितलं, डॉक्टरांनाच सांगायला लावलं. आता पोळीवर उकडलेला लाल भोपळा कुस्करून देते.

आज कानाला वास जवळजवळ नाही. कूलरखाली परात ठेवलीय. फक्त थेंब घालताना मी आणि आमचे हे, दोघं लागतो, आणि निम्मे थेंब माझ्या गाऊनवर. काही युक्ती?

केळीवाला, यावल:
बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार थेंबाने बिचकतात. ताटलीला दही चोपडून पुढे ठेवा, त्याचं चाटून होईपर्यंत तुमचे दोन्ही कान होतात. थेंब टाकल्यावर कानाचं बूड बाहेरून चोळा, आत पचपच आवाज आला म्हणजे औषध पोचलं. मग त्याला डोकं झटकू द्या. तुम्ही मात्र तेवढ्यात लांब व्हा. आणि वास गेला म्हणून मधेच थेंब सोडू नका, पुन्हा दाखवायला न्या.

देवपूरकर:
फिनाईल आमच्याकडेही बंद केलं. आमच्याचे कान पाहिले आज. नेतोय उद्या.