जुने गेम: सबस्क्रिप्शनवर खेळायचे की एकेक विकत घ्यायचे?

ओटलेवाला (रामबाग, इंदूर)

मत आधीच सांगून टाकतो, मग भांडायला सगळे मोकळे. नवा गेम सबस्क्रिप्शनवर खेळायला माझी हरकत नाही. एकदा संपवला की तो पुन्हा कोण उघडतो? जुन्या गेमचं तसं नसतं. माणूस तेच चार गेम आयुष्यभर खेळतो. माझे चार: कॉन्ट्रा, टँक, रोड फायटर आणि सुपर मारिओ ३. एवढ्यासाठी दरवर्षी पैसे भरत राहायचं, हे मला पटत नाही.

निन्टेंडोचंच बघा. २००६ मध्ये त्यांचा वी हा कन्सोल आला, त्यावर व्हर्च्युअल कन्सोल या नावाने एनईएस, सुपर एनईएस, एन६४ या त्यांच्याच आधीच्या कन्सोलचे जुने गेम सुटे मिळायचे. अमेरिकेतला भाव साधारण असा: एनईएसचा गेम ५ डॉलर, सुपर एनईएसचा ८, एन६४चा १०. एकदा दिले, विषय संपला. नंतरच्या स्विच कन्सोलवर ही सोयच काढून टाकली. २०१८च्या सप्टेंबरात वर्षाला २० डॉलरचं सदस्यत्व आलं आणि त्यासोबत एनईएसचे गेम. वर्षभराने सुपर एनईएसचे आले. २०२१च्या ऑक्टोबरात एन६४चे आणि सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलचे आले, पण त्यांना वरचा प्लॅन, वर्षाला ५० डॉलर. पाच वर्षांचे झाले २५०. जुन्या भावाने तेवढ्यात एन६४चे २५ गेम घरात आले असते. आणि सहाव्या वर्षी पैसे भरले नाहीत तर? हात हलवत परत.

पोहे_जलेबी

दादा, हिशोब तुमच्या सोयीचा मांडलाय. त्याच वरच्या प्लॅनचा फॅमिली प्लॅन ८० डॉलरचा आहे आणि त्यात आठ खाती बसतात. आमच्यात मी, नवरा, दोन्ही पोरं, बडोद्याची नणंद आणि तिच्या घरचे तिघे. माणशी वर्षाला १० डॉलर. तुमच्या एन६४च्या एका गेमचे पैसे.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. तुमची यादी चार गेमची आहे, कारण आपल्याकडे तेवढेच पोचले. नव्वदीत इंदुरात कोणाच्या घरी अस्सल सुपर एनईएस होतं? आपल्याकडे होती फॅमिकॉमची, म्हणजे जपानी एनईएसची, नक्कल आणि तिच्यात खुपसायची १६८ इन १ची कॅसेट. त्यात खरे गेम पंधरावीस. बाकी तोच मारिओ, कुठे तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा, कुठे आधीच मोठा झालेला. झेल्डा, मेट्रॉइड ही नावं मी तिशीत ऐकली. अमेरिकेतल्या माणसाला या सदस्यत्वात त्याचं बालपण परत मिळतं, मला यातलं बहुतेक सगळं नवंकोरं आहे. ज्याची ओळखदेख नाही त्या गेमवर ८ डॉलर लावायची हिंमत कोण करतो? अर्थबाउंड माझ्या मुलीने नुसतं चित्र बघून उघडला. विकत घ्यायची वेळ आली असती तर मी पुढे सरकवला असता. आता ती मला रिमोटला हात लावू देत नाही.

शिवाय सेव्ह. मूळ सुपर मारिओ ३मध्ये सेव्ह नव्हताच, आठवतंय ना? आणि आपल्या मध्य प्रदेशात २००२-०३मध्ये लाइट किती जायची! सातव्या दुनियेत पोचायचं आणि फट्. पुन्हा पहिल्यापासून. आता कुठेही थांबवा, कुकरच्या शिट्ट्या मोजून या, पुढे चालू. हे मला ५ डॉलरच्या वर मोलाचं वाटतं.

आकडेमोड

धंद्याने सीए आहे, तेव्हा नाक खुपसतो.

परदेशी सबस्क्रिप्शन आणि आपली बँक हा एक स्वतंत्र सोहळा आहे. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचा नियम कडक झाला: कार्डातून आपोआप पैसे कापायचे तर ग्राहकाची संमती आधी नोंदवलेली हवी, कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवायला हवं, आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर दरवेळी ओटीपी. पुढच्या वर्षी ही मर्यादा १५,००० केली. माझ्या बँकेची तयारीच नव्हती, म्हणून माझं एक सदस्यत्व गुपचूप बंद पडलं आणि घरात रडारड. तरी नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे. लोकांची कार्डाची स्टेटमेंट बघतो ना, बंद करायला विसरलेल्या सबस्क्रिप्शनची रांग असते. दादांचे चार गेम एकदाच विकत घेतले तर हे लचांड नाही, हे मान्य.

पण दादा, स्विचवर सुटे जुने गेम मिळत नाहीत असं नाही. हॅम्स्टर कंपनीची आर्केड आर्काइव्ह्ज मालिका आहे, पार्लरच्या मशीनवरचे गेम, एकेक साधारण ८ डॉलरला. कोनामीचं कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन आहे, २०१९चं, २० डॉलरला. मिळत नाहीत ते निन्टेंडोचे स्वतःचे, कन्सोलवरचे बहुतेक गेम.

ओटलेवाला

मी निन्टेंडोचंच म्हणत होतो, सीएसाहेब. कॉन्ट्राचं ते कलेक्शन घेऊन बसलोय केव्हाचा. त्यात जपानी फॅमिकॉमची आवृत्तीही आहे, पहिल्याच जंगलात झाडांच्या झावळ्या हलतात. अमेरिकन आवृत्तीत झाडं ठोकळ्यासारखी उभी. याला म्हणतात पैसे वसूल.

ताई, आठ जणांत वाटून स्वस्त पडतं, कबूल. पण नियम कोणाचे? निन्टेंडोचे हे जुने गेम बिनइंटरनेटचे चालतात, फक्त सात दिवसांच्या आत एकदा ऑनलाइन हजेरी लावायची. नाही लावली तर कुलूप. १९८८चा गेम आणि हजेरी! आणि यादीतून कधी काय उडेल याचा भरवसा नाही. मार्च २०२५मध्ये जपानच्या यादीतून सुपर फॉर्मेशन सॉकर काढलाच. आज फुटबॉल, उद्या दुसरं काही.

भंवरकुआं_हॉस्टेल

काका, तुमचं सगळं बरोबर, पण विकत घेतलेलं तरी तुमचं कुठे आहे? ज्याने वीवर ते ५-८-१० डॉलर दिले त्याला ते गेम स्विचवर नेताच आले नाहीत. वीचं दुकान ३० जानेवारी २०१९ला बंद. निन्टेंडोच्याच वी यू आणि थ्रीडीएस कन्सोलचं २७ मार्च २०२३ला. म्हणजे नवीन काही घ्यायची सोय संपली, आणि घेतलेलं ज्या डब्यात आहे तो डबा टिकेल तोवरच.

रेट्रो सोडा. यूबिसॉफ्टचा द क्रू लोकांनी पूर्ण किंमत मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद, गेम मेला. एकट्याने खेळायचा भागसुद्धा. तिथून युरोपात सह्यांची मोहीम उभी राहिली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, १ जानेवारी २०२५पासून लागू: डिजिटल माल विकताना दुकानदाराने स्पष्ट सांगायचं की तुम्हाला फक्त परवाना मिळतोय. सबस्क्रिप्शनवाला निदान पहिल्या दिवसापासून खरं बोलतो की पैसे थांबले की गेम थांबला.

मी काय करतो ते विचारू नका. सगळं फोनवर आहे, फुकटात, भिया.

ओटलेवाला

विचारत नाही. दिसतंय.

जेलरोड_रिपेअर

डॉलर मार्केटच्या मागे वीस-पंचवीस वर्षं रिपेअरिंग करतोय. जुने कन्सोल अजून येतात, पण आता येतात ते बापाचे, आणतात पोरं. माझं सरळ मत: फाइल विकत घ्या नाहीतर भाड्याने घ्या, दोन्हीकडे दुसऱ्याच्या मेहेरबानीवर आहात. कॅसेट हातात असेल तर कोणाचा बाप बंद करू शकत नाही.

चालू होत नसेल तर फुंकू नका. लाळेने पट्टीवर गंज चढतो. पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग कापसावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन पुसा. दहातल्या आठ तिथेच सुरू होतात.

आता टीव्हीवर बंदुकीने बदकं मारायच्या गेमचं घ्या. बंदूक घेऊन गिऱ्हाईक येतं, म्हणतं नेम लागत नाही, बंदूक बिघडली. बंदूक ठणठणीत असते. घोडा ओढला की पडदा एका क्षणासाठी पूर्ण काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि नळीतला सेन्सर तो उजेड बघतो. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बांधलेलं आहे. आजच्या एलईडी टीव्हीवर चित्र जरा उशिरा येतं, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. मूळ बंदूक आणि मूळ कॅसेट असून उपयोग नाही, टीव्हीही जुनाच लागतो. म्हणून मी भंगारात जाणाऱ्या ट्यूबवाल्या टीव्ही उचलून ठेवतो. बायको ओरडते, ते जाऊ दे.

पोहे_जलेबी

भाऊ, तुमच्याकडे दुकान आहे म्हणून जमतं. टू-बीएचकेमध्ये ट्यूबवाला टीव्ही कुठे ठेवू, देवघरात?

आणि जरा प्रामाणिकपणे बोलू या का? आपल्या कॅसेट कुठे अस्सल होत्या? १६८ इन १ छापणाऱ्याने कोनामीला पैसा तरी दिला होता का? वर कॉलनीतल्या दुकानात पाच-दहा रुपये देऊन कॅसेट बदलून आणायचो. पार्लरमध्ये तासावर खेळायचो. इंदुरात जुने गेम विकत घेऊन कोणीच खेळलं नाही. सगळं भाड्याचं, नाहीतर चोरीचं. मालकीच्या गप्पा आपण आता चाळिशीत मारायला लागलो.

ओटलेवाला

हे बोचलं. पण तेव्हा दुसरा रस्ता नव्हता, खिशात पैसेही नव्हते. आज दोन्ही आहे. भाड्याने खेळत होतो म्हणून जन्मभर भाड्यानेच खेळावं का?

सुदामानगरकर

तुम्ही सगळे कन्सोलमध्येच अडकलात. कॉम्प्युटरवर हा वाद बराचसा मिटलेला आहे. जीओजी हे दुकान २००८पासून आहे, सुरुवातच जुने गेम विकण्यापासून झाली. पैसे दिले की इन्स्टॉलरची फाइल उतरवायची आणि हार्ड डिस्कवर टाकायची. पुढे खातं नको, इंटरनेट नको, हजेरी नको. उद्या दुकानाला टाळं लागलं तरी फाइल तुमच्याकडे. विंडोजच्या आधीच्या डॉसचे गेम आजच्या विंडोजवर चालावेत म्हणून डॉसबॉक्स हा प्रोग्राम त्यातच घालून देतात, त्यामुळे एरवीची दोन तासांची खटपट वाचते.

आणि ताईंच्या ‘ओळख नसताना कोण घेईल’चं उत्तर १९९३मध्येच देऊन झालंय. डूमचा पहिला भाग, नऊ लेव्हल, फुकट. कॉपी करा, मित्रांना वाटा. आवडला तर पुढच्या भागांचे पैसे पाठवा. आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फ्लॉपीवर फिरणारा डेव्ह आठवतोय? तो लिहिणारा जॉन रोमेरो डूमच्या टीममध्येही होता. चाखून बघा, मग घ्या. त्यासाठी महिन्याचं बिल कशाला लागतं?

आकडेमोड

हे मला पटलं. भाड्याचं की विकतचं, हा प्रश्न दुय्यम आहे. कंपनीला न विचारता फाइल चालते का, एवढंच विचारा. चालत असेल तर विकत घ्या. चालत नसेल तर विकत आणि भाडं यात फरक फक्त पावतीचा, आणि मग स्वस्त पडेल ते घ्यावं.

पोहे_जलेबी

पण निन्टेंडोचे गेम जीओजीवर नाहीत ना! मारिओ, झेल्डा, मेट्रॉइड यातलं काही तिथे मिळणार नाही. म्हणजे माझ्यासाठी मिटलेलं काही नाही.

भंवरकुआं_हॉस्टेल

एक प्रश्न सगळ्यांना. मुस्तफा कुठे मिळेल? पैसे द्यायला तयार आहे, खरंच. सबस्क्रिप्शन सांगा, विकत सांगा, काहीही.

जेलरोड_रिपेअर

पार्लरवाला मुस्तफा? कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम, १९९३. एक रुपयाचं नाणं टाकून खेळायचो. त्याचं मशीन सापडलं तर मलाच सांग.

सुदामानगरकर

कायदेशीर मिळणार नाही. गेम कॉमिक्सवरून केलेला, नावातच मोटार कंपनी. इतके हक्क गोळा करत बसायला कोण येणार? घरच्या कन्सोलवर तो कधी आलाच नाही, कॅपकॉमच्या नव्या संग्रहांतही नाही. आणि हा एकटा नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३मध्ये अहवाल काढला होता: २०१०च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात नव्याने विकायलाच नव्हते. ग्रंथालयांना असे गेम अभ्यासकांना दुरून उघडून देता यावेत, अशी सवलत मागितली होती. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या कॉपीराइट ऑफिसने नाही म्हटलं.

भंवरकुआं_हॉस्टेल

मग माझ्या फोनवर का बोट दाखवता? तुम्ही दोघं उरलेल्या १३ टक्क्यांवर भांडताय.

ओटलेवाला

मुस्तफापुरतं तुला माफ. पण तुझ्या फोनवर सुपर मारिओ ३पण असणार, आणि तो रीतसर मिळतो. तिथे मुस्तफाच्या पाठीमागे लपू नकोस.

भंवरकुआं_हॉस्टेल

मिळतो कुठे, काका? तुम्हीच वर म्हणालात, स्विचवर सुटा मिळत नाही. म्हणजे एका गेमसाठी वर्षभराचं सदस्यत्व घेऊ? तेही अमेरिकेचं खातं काढून, गिफ्ट कार्ड आणून, कारण कंपनीचं आपल्याकडे अधिकृत दुकानच नाही. सुटा विका, मी आजच पैसे देतो.

पोहे_जलेबी

बघा दादा, हा पोरगा शेवटी तुमच्याच बाजूचा निघाला.

माझं सदस्यत्व चालूच राहणार. पोरांना सुट्टी लागली आहे आणि मला आठव्या दुनियेत जायचंय. चुकलं की रिवाइंड दाबते, पाच सेकंद मागे, पुन्हा उडी. या वेळी बाउझरपर्यंत पोचणार म्हणजे पोचणार.

ओटलेवाला

रिवाइंड करून संपवलेला मारिओ आमच्या ओटल्यावर संपवलेला धरत नाहीत, ताई.

पोहे_जलेबी

तुमच्या ओटल्यावर किती जणांनी संपवलाय, ते आधी सांगा.