हिमनदी ‘व्याते’ की ‘ढासळते’?

ग्रीनलंडवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. हिमनदीच्या समुद्राकडच्या तोंडाचा कडा तुटून हिमनग सुटतो, त्याला शास्त्रज्ञ ‘काल्व्हिंग’ (इंग्रजीत गाय वासराला जन्म देते तेच) म्हणतात. मी लिहिलं ‘हिमनदी व्याते’. संपादकांनी खोडून ‘हिमनग वितळतात’ केलं. अर्थच गेला! तरंगणारा हिमनग वितळून समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरला की वाढते. दुसरा शब्द आहे का?

– ‘व्याते’च ठेवा. माझं आजोळ जुन्नरकडचं. गाय व्यायला झाली की आजी रात्रभर कंदील घेऊन गोठ्यात बसायची. नाम हवं तर ‘वेत’ आहे की! दुसऱ्या वेताची म्हैस म्हणतो, तसं हिमनदीचं वेत.

– नाही पटत. वासरू झालं तर घरात भर पडते. इथे हिमनदी मागे सरतेय, ते नुकसान आहे. सिंहगडाच्या वाटेवर पावसाळ्यात दरड ढासळते, तसा ‘हिमकडा ढासळतो’ म्हणा. मुळात न हलणाऱ्या बर्फाला ‘नदी’ कुणी केलं?

– न हलणाऱ्या? ग्रीनलंडची याकोब्सहाव्न हिमनदी २०१२च्या उन्हाळ्यात दिवसाला ४० मीटरहून जास्त समुद्राकडे सरकत होती. वाहते म्हणूनच तर व्याते. ‘ढासळणे’मध्ये नुसती पडझड दिसते, मागून रेटणारा प्रवाह दिसत नाही.

– सगळेच ‘बर्फ’ काय लिहिताय? तो फारसी. ‘हिम’ असताना उसनवारी कशाला?

– रसवंतीवर ‘बिनहिमाचा रस द्या’ म्हणून बघा. शेकडो वर्षं तोंडात असलेला शब्द उसना राहत नाही. आणि दोन्ही लागतात: आकाशातून पडतं ते हिम, दाबून घट्ट झालं की बर्फ. हिमनदी तशीच तर बनते.

– त्यापेक्षा ‘बर्फ विरघळला’ छापतात ते थांबवा. साखर विरघळते, बर्फ वितळतो. आणि लोणी पाघळतं: मे महिन्यात आई वाटी दाखवायची, गोळा तसाच, कडा तेवढ्या सैल. आर्क्टिकच्या सागरी बर्फाला हाच शब्द हवा. सप्टेंबर २०१२मध्ये तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, उपग्रहांच्या नोंदींतला नीचांक. जाड, जुना बर्फ कमी होत चाललाय, उरतोय त्यात पातळ थरच जास्त.

– आमच्या बारामतीकडे पाघळतो तो माणूस, कुणी गोड बोललं की. लोणी ‘इतळतं’. पाघळलेलं लोणी मी तरी कधी ऐकलं नाही.

– सदाशिव पेठेत रोज ऐकाल.