शहराच्या मध्यवस्तीतलं हॉटेल आणि झालेली निराशा: तुमचे अनुभव सांगा

बाबांच्या तपासण्यांसाठी गेल्या महिन्यात आई-बाबांना घेऊन मुंबईला गेले होते. रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचं होतं, म्हणून हॉस्पिटलच्या जवळ पडेल अशी फोर्टातली खोली ऑनलाइन घेतली. दोन रात्री, रोजचे ४,२०० रुपये, पैसे आधीच भरलेले. फोटोत उंच छत आणि उंच खिडकी.

पोचलो तर लिफ्ट बंद. हॉटेल तिसऱ्या मजल्यावर. बाबांचे गुडघे दुखतात, प्रत्येक जिन्यावर थांबत थांबत त्यांना वर नेलं. खोली उघडली आणि फोटोतली खिडकी सापडली, पण अर्धीच. जुन्या इमारतीतल्या मोठ्या खोलीचे प्लायवूड ठोकून दोन भाग केलेले आणि ते पार्टिशन बरोबर खिडकीच्या मधोमध आलेलं. उरलेल्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. पलीकडच्यांनी दिवा लावला की आमच्या छतावर उजेड पडायचा. त्यांचा खोकला, फोन, पहाटे चारचा गजर, सगळं आमच्या उशाशी. आई रात्रभर बसून होती. बाबा म्हणाले, "राहू दे गं, दोन रात्रींचाच तर प्रश्न आहे." ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

काउंटरवरचे म्हणाले, बुकिंग कंपनीशी बोला. कंपनी म्हणाली, हॉटेलशी बोला. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, खिडकीचे फोटो जोडले. तीन आठवड्यांनी एका रात्रीचे पैसे परत आले.

तुम्हाला असं काही भोगावं लागलंय का? सविस्तर लिहा, पुढच्याला उपयोग होईल.

सांगलीकर
ताई, वाचून वाईट वाटलं. आमचं कोल्हापूरला झालं. अंबाबाईचा किरणोत्सव आईला एकदा डोळे भरून पाहायचा होता, म्हणून नोव्हेंबरात महाद्वार रोडजवळची खोली फोनवर ठरवली. ॲडव्हान्स मागितला नाही, आम्हीही दिला नाही. तिथेच चुकलं. संध्याकाळी किरणं चरणांवरून वर सरकताना बघून आई भारावून बाहेर आली आणि हॉटेलात ऐकलं, "गर्दी आहे, आता दुप्पट पडतील." बॅगा तशाच घेऊन स्टँडकडे गेलो.

लक्ष्मी रोडचा पाहुणा
विसर्जनाला पुण्यात. "मिरवणूक खोलीतूनच दिसेल," एवढंच सांगितलं. रस्ते बंद असतात, रिक्षा दारापर्यंत येत नाही, रात्रभर काचा थरथरतात, हे कुणी बोललं नाही. दोन वर्षांची मुलगी दचकून दचकून उठत होती.

सदाशिव पेठ
यात हॉटेलचा दोष नाही. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते हे सगळ्यांना माहीत असतं.

लक्ष्मी रोडचा पाहुणा
पुण्यातल्यांना असतं. आम्ही नांदेडहून पहिल्यांदाच आलो होतो, लहान मूल आहे हेही सांगितलं होतं. एका वाक्यात सावध करता आलं असतं.

जर्सीवासी
२०२३ साली भारतातून आलेल्या भावासाठी न्यूयॉर्कला मिडटाऊनमध्ये पाच रात्री घेतल्या. निघताना बिलात 'डेस्टिनेशन फी' म्हणून रोजचे ३५ डॉलर जास्तीचे! त्यात काय मिळालं, तर वायफाय आणि पाण्याच्या दोन बाटल्या. भावाने खर्चाचं गणित पै न् पै मांडलेलं, त्याचा चेहरा आठवतो. १२ मे २०२५ पासून इथे सक्तीचे आकार धरून एकूण दर सुरुवातीलाच दाखवायचा नियम आलाय. कर मात्र त्यात नसला तरी चालतो, तो वेगळा बघा.

नागपूरची
बिलाचा विषय निघालाच आहे म्हणून. सीताबर्डीत २,८०० ची खोली, डिसेंबर २०२५, आणि जीएसटी लावला १२ टक्के. रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच आहे. दाखवून दिल्यावर बिल बदललं. गाडीची वेळ झाली असली तरी बिल वाचा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. बाबांना तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचंय. फोर्ट किंवा मरीन लाइन्सला लिफ्ट चालू असलेली, अख्खी खिडकी असलेली खोली कुणी स्वतः राहून पाहिली असेल तर कृपया कळवा.