अनुभव धागा: शिबिर संपलं, वही भरली, पण हाती काय लागलं?

मी कोकणातल्या एका कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघतो. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर, हा हिशेब आम्ही चोख ठेवतो. योजना १९६९ पासून चालू आहे, त्यामुळे कागद कसे रंगवायचे हे सगळ्यांनाच पाठ! गोची पुढे आहे. शिबिराच्या वह्या उघडल्या की पानोपानी 'खूप काही शिकायला मिळाले', 'श्रमाचे महत्त्व पटले'. म्हणजे नक्की काय, असं विचारलं की पोरं एकमेकांकडे बघतात. तुम्ही शिबिर केलं असेल, घेतलं असेल किंवा तुमच्या गावात झालं असेल, तर सांगा: कुठल्या प्रश्नामुळे त्या कामाचा अर्थ लागला? गुळगुळीत नको.

माजी स्वयंसेविका, कुडाळ
आम्ही वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं, साखळी करून पुढे सरकवायची. रात्री सरांनी 'काय शिकलात' विचारलंच नाही. विचारलं, "आज कोणाचं बोलणं डोक्यात राहिलं?" मला चहा घेऊन आलेली आजी आठवली. ती म्हणाली होती, "पाऊस काय थोडो पडता? पण पाणी थांबता खंय?" मग गप्पा तिथूनच सुरू झाल्या. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये टँकर का येतो? इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र, समुद्र जवळ. भूगोलात हे वाचलेलं होतं, पण आजीच्या हंड्याशी त्याची गाठ तोवर पडली नव्हती. एकाला कळलं की हा बंधारा पुढच्या पावसात वाहून जाणार. तो चिडलाच, "मग बांधला कशाला?" सर म्हणाले, उद्या वाडीत विचार. विचारलं, तर एकजण म्हणाले, खालच्या विहिरीला पाणी थोडं जास्त टिकतं, गुरांची सोय होते, म्हणून दरवर्षी घालतो. आणि वरच्या वाडीला? तिला काहीच नाही. बंधाऱ्याची जागा कोण ठरवतं, यावर त्या रात्री आमच्यात जे भांडण झालं ते मला अजून आठवतं. माझ्या वहीतलं तेवढंच पान वाचण्यासारखं आहे.

वाचक, रत्नागिरी
आमच्याकडे चिंतन म्हणजे रात्री दहाला पाहुण्यांचं बौद्धिक. अर्धे डुलक्या खात, उरलेले मोबाईलवर.

प्राध्यापिका, चिपळूण
लगेच विचारायलाच हवं असं नाही. २२ जुलै २०२१ चा पूर ओसरल्यावर आमची मुलं बाजारपेठेत चिखल काढत होती. त्यांतल्या कित्येकांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं. त्यांना 'आज काय वाटलं' विचारणं म्हणजे क्रूरपणा. महिनाभराने वर्गात बसलो. एक मुलगा म्हणाला, दुकानदार भिजलेल्या वह्या उन्हात मांडत होते आणि आम्ही त्यांच्यासमोर सेल्फी काढत होतो. तासभर त्यावरच बोललो. टेरी बॉर्टन यांनी १९७० मध्ये मांडलेले तीन प्रश्न मी वापरते: काय घडलं, त्याचं काय, आता पुढे काय? पहिल्यावर पोरं पानं भरतात, तिसऱ्यावर घोषणा देतात. अडतं ते दुसऱ्यावर, आणि माझ्या मते खरा वेळ तिथेच घालवावा.

ग्रामस्थ, गुहागर तालुका
आम्हाला कोणी विचारत नाही म्हणून लिहितो. पोरं येतात, शाळेत उतरतात, बायका भाकऱ्या थापून देतात, समारोपाला नारळ आणि शाल. मग फिरकत कोणी नाही. आमच्याकडे गटार खोदलं, ते पहिल्याच पावसात बुजलं. एका कॉलेजने मात्र पुढच्या वर्षी तीच पोरं आणली, शाळेच्या पडवीत बसवली आणि आम्हाला बोलू दिलं. आम्ही सांगितलं, गटारापेक्षा पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, दुरुस्त करा, म्हाताऱ्यांचे पाय घसरतात. पोरं खाली मान घालून लिहीत होती. तुमची चिंतनं शिबिराच्या हॉलमध्ये का करता? आमच्या पडवीत करा की.

विद्यार्थी, मंडणगड
वेळासच्या किनाऱ्यावर कचरा उचलला. कासवांची अंडी पूर्वी गावात खाल्ली-विकली जायची, २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने ती राखली जातात. मॅडमनी एकच प्रश्न दिला: अंडी खाणारं गाव ती राखायला कसं लागलं असेल? पोस्टर रंगवण्यापेक्षा ते शोधण्यात जास्त मजा आली. होम-स्टेवाल्या काकूंनी सरळ सांगितलं, पैसेही मिळतात आणि कासवंही जगतात.

धागाकर्ता
पडवीची सूचना उचलतो, पाखाडीचीही. एक अडचण: नव्या शैक्षणिक धोरणानंतर या कामाला श्रेयांक (क्रेडिट) आले. वहीला मार्क लावायचे का? लावले की मुलं मला आवडेल तेच लिहिणार.

प्राध्यापिका, चिपळूण
हजेरीला आणि कामाला लावा. वहीला नको. वही वाचा आणि समासात उलट एक प्रश्न लिहून परत द्या.