‘दुवा तुटला’ की ‘सांधा गेला’?

प्रश्न : मोबाइल टॉवरविना, यंत्राकडून यंत्राकडे थेट निरोप पोहोचवणाऱ्या बिनतारी जाळ्यांविषयी मी मराठीत लिहीत आहे. ज्या एका नोडच्या (जाळ्यातल्या एका यंत्राच्या) बंद पडण्याने जाळ्याचे तुकडे होतात, त्याला ‘छेदबिंदू’ म्हणावे का? तसेच ‘नोड बंद पडला’ऐवजी ‘दुवा तुटला’ चालेल का?

उत्तर : ‘दुवा’ येथे कृपया वापरू नये. जाळ्यांच्या परिभाषेत तो शब्द दोन यंत्रांमधल्या संपर्कासाठी रुळला आहे. दुवा तुटला तरी दोन्ही यंत्रे शाबूत राहतात; यंत्रच बंद पडले, तर त्याला लागून असलेले सगळे दुवे एकदम जातात. मात्र शेजारच्या यंत्राला हा फरक कळतोच असे नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एओडीव्ही’ या मार्गशोधन पद्धतीत शेजारी दर सेकंदाला हाक (‘मी आहे’ असा छोटा संदेश) देत असेल, तर पद्धतीत आधीच ठरवून दिलेल्या मापांनुसार २ सेकंद हाक न आल्यास तो दुवा गेला असे धरतात. शेजारी बंद पडला की नुसता पल्ल्याबाहेर गेला, हे तेवढ्यावरून ठरत नाही. त्या प्रसंगी ‘शेजाऱ्याशी संपर्क तुटला’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे.

‘छेदबिंदू’ वाचताच दोन रेषा एकमेकींना छेदतात ती जागा डोळ्यांपुढे येते, म्हणून मला ‘सांधा’ पटतो. आलेखशास्त्रातला (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दुव्यांच्या गणितातला) अशा बिंदूसाठीचा इंग्रजी शब्द ‘आर्टिक्युलेशन पॉइंट’ही सांध्याचाच अर्थ सांगतो. समजा क, ख, ग हे फोन परस्परांशी जोडलेले आहेत, ग पुढे ‘घ’शी आणि घ पुढे ‘च’शी. ख बंद पडल्याने कोणाचे अडत नाही. पण ग बंद पडला की क-ख एकीकडे आणि घ-च दुसरीकडे पडतात. येथे ग आणि घ हे दोन सांधे आहेत. च थोडा सरकवून ‘क’च्या पल्ल्यात आणला, इतर दुवे तसेच राहिले, तर वळसा तयार होतो आणि एकही सांधा उरत नाही. एखादा फोन गेला तरी जाळे एकसंध ठेवण्याची खरी तजवीज हीच, आणि ‘सांधा’ म्हटल्यावर ती एका वाक्यात सांगता येते.

दुसऱ्या एकाची पुरवणी : ‘सांधा’ मलाही मान्य आहे, परंतु ‘सांधा निखळला’ असे लिहू नये. निखळलेला सांधा पुन्हा बसवता येतो; बॅटरी संपलेल्या फोनला फार तर ते शोभेल. जळालेल्या यंत्रासाठी ‘सांधा निकामी झाला’ हेच योग्य.