३९१ ही मूळ संख्या का नाही? अवयव पाडताना कुठे थांबावे?

प्रश्न (एक पालक, मिरज)
नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे आणि सध्या संख्यांचे मूळ अवयव पाडण्याचा सराव करतो आहे. काल त्याने ३९१ ला २, ३, ५, ७, ११ आणि १३ यांनी भागून पाहिले. एकानेही पूर्ण भाग गेला नाही, म्हणून त्याने ती मूळ संख्या आहे असे लिहिले. उत्तरसूचीत मात्र १७ × २३ होते. भागत कुठपर्यंत जायचे, याचा काही निश्चित नियम आहे का? दुसरी शंका त्याचीच आहे आणि तिचे उत्तर मला देता आले नाही. ३६० चे अवयव पाडताना त्याने १८ × २० पासून सुरुवात केली, मी ८ × ४५ पासून. तरी शेवटी दोघांनाही २ × २ × २ × ३ × ३ × ५ हेच मिळाले. असे नेहमीच होते का?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, विटा)
नियम निश्चित आहे. २० चा वर्ग ४०० आहे आणि ३९१ त्याहून लहान आहे. तिचे दोन्ही अवयव २० किंवा त्याहून मोठे असते, तर गुणाकार किमान ४०० झाला असता. म्हणून अवयव असलेच, तर त्यांतला एक २० च्या आत सापडलाच पाहिजे. २० च्या आतील मूळ संख्या आठच आहेत, आणि आपल्या मुलाने त्यांपैकी सहा तपासल्या होत्या. त्याची पद्धत बरोबर होती, तो केवळ एक पायरी आधी थांबला, हे त्याला आवर्जून सांगावे.

उत्तर २ (तासगाव)
आमच्याकडे बेदाण्याचे काम असल्यामुळे मी घरातल्या मुलांना हे पेट्या मांडून दाखवतो. प्रत्येकी २० पेट्यांच्या २० ओळी लावाव्यात आणि एका कोपऱ्यातून ३ × ३ चा चौरस, म्हणजे ९ पेट्या, उचलून घ्याव्यात. आता ३९१ पेट्या उरतात: १७ ओळी पूर्ण आणि ३ ओळींत प्रत्येकी १७ पेट्या. या तीन ओळी उभ्या करून त्या १७ ओळींच्या कडेला लावल्या की प्रत्येक ओळीत २३ पेट्या होतात, आणि १७ × २३ डोळ्यांसमोर उभे राहते. दिलेल्या संख्येपेक्षा थोडा मोठा वर्ग घ्यावा, त्यातून ती संख्या वजा करावी आणि बाकी वर्ग आहे का ते पाहावे. नसेल तर पुढचा वर्ग घ्यावा. फ्रेंच गणिती फर्मा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत सतराव्या शतकातली आहे, परंतु नारायण पंडितांनी १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त याच धर्तीवर अवयव काढले आहेत, आणि ते मुलांना सांगितले जावे असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३ (सांगली)
दुसऱ्या शंकेचे उत्तर ‘होय, नेहमीच’ असे आहे, पण ते वाटते तितके उघड नाही. क्षणभर फक्त सम संख्याच आहेत असे माना. मग २, ६ आणि १८ यांची सम संख्यांत फोड होत नाही, तरी ३६ मात्र ६ × ६ असेही लिहिता येते आणि २ × १८ असेही. आपल्या नेहमीच्या संख्यांत असे घडत नाही, कारण एखाद्या गुणाकाराला मूळ संख्येने भाग जात असेल, तर गुणलेल्या संख्यांपैकी निदान एकीला तरी तिने भाग जातोच. संयुक्त संख्येची अशी खात्री नसते: ४ × ९ ला ६ ने भाग जातो, पण ४ लाही जात नाही आणि ९ लाही नाही. मूळ संख्येचा हा गुण युक्लिडला ठाऊक होता. फोड एकच असते हे गाउस यांनी १८०१ मध्ये काटेकोरपणे मांडले. १ ला मूळ संख्या न मानण्याचे कारणही इथेच आहे, कारण तसे मानले तर ३६० च्या फोडीत कितीही १ घालता येतील.

प्रश्नकर्त्या पालकांकडून
सर्वांचे मनापासून आभार. पेट्यांऐवजी आम्ही चौकटीच्या वहीत चौरस आखला. त्यानंतर मुलाने स्वतःहून ४३७ घेतली, २१ च्या वर्गातून म्हणजे ४४१ मधून ती वजा केली, ४ उरले, आणि त्याने १९ × २३ लिहिले. मग १०१ ला २, ३, ५ आणि ७ ने भागून तो थांबला. का थांबलास, असे विचारताच ११ चा वर्ग १२१ होतो, हे त्याने मलाच समजावून सांगितले.