मदत हवी आहे : मदतनिधी प्रयोगातला मारहाणीचा प्रसंग

२५ नोव्हेंबरला, महिलांवरील हिंसाचार निर्मूलन दिनी, कॉलेजच्या विद्यार्थ्यांची एकांकिका आहे. तिकिटांचे पैसे थेट महिला निवारागृहाच्या खात्यात जातील. अडलंय थपडेवर. मारणारा प्रेक्षकांकडे पाठ करून हात गालापासून वीतभर लांबून फिरवतो. त्याच्या आडोशाला मुलगी छातीशी टाळी वाजवते. टाळी जरा उशिरा पडली की मान आधी वळते, खोटेपणा दिसतो आणि लोक हसतात. या विषयावर ते हसू सहन होत नाही. प्रसंग विंगेत नेऊन फक्त आवाज ठेवावा का?

शिवाय एखादी प्रेक्षक बाई बघताना कोलमडली, तर दाराशी समुपदेशक पुरेल की वेगळी खोली हवीच? १८१ हा हेल्पलाइन क्रमांक तिकिटामागे छापतोय, कारण सगळ्यांदेखत फलकावरून तो टिपून घेणं अवघड जातं. ज्यांनी असे प्रयोग बसवलेत, त्यांनी कृपया सांगा.